डेनिस रिची : एका यंत्रावरचा प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर चालावा म्हणून



थोर व्यक्तींची ओळख हा आपल्या ब्लॉगवरचा नेहमीचा पाठ. आज ज्यांची ओळख करून देणार आहे त्यांचं नाव वर्गात विचारलं तर एकही हात वर येणार नाही. स्टाफरूममध्ये विचारलं तरी फार फरक पडेल असं वाटत नाही. मलाही गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. डीएडला संगणकाचा जो भाग होता त्यात आम्ही फाईल उघडायला आणि बंद करायला शिकलो, एवढंच. त्यामुळे हा पाठ तज्ज्ञाचा नाही. भाच्याच्या एका उण्या आकड्यामुळे जे वाचायला लागलं, समजून घ्यायला लागलं, ते तुमच्यापुढे मांडते आहे.

आधी तो आकडा सांगते. माझ्या बहिणीचं घर इथेच मावळात. दाजींच्या म्हशी आहेत, लोणावळ्यातल्या हॉटेलांना आणि काही बंगल्यांना दूध जातं. भाचा डिप्लोमाला आहे, रोज सकाळच्या लोकलनं कॉलेजला जातो. त्यानं सी भाषेत दुधाच्या हिशोबाचा प्रोग्रॅम लिहिला. रोजची रक्कम टाकायची आणि महिन्याची बेरीज घ्यायची. घरच्या जुन्या लॅपटॉपवर, ज्यावर ओळखीच्या एकानं लिनक्स टाकून दिलं होतं, त्या महिन्याची बेरीज आली बरोबर ४०,००० रुपये. दाजींच्या वहीशी ताळा जुळला. पोरगं खूश. तोच प्रोग्रॅम त्यानं प्रात्यक्षिक परीक्षेला कॉलेजच्या संगणकावर जसाच्या तसा टाइप केला, आणि उत्तर आलं उणे २५,५३६.

विचार करा, दूध घालणाराच गिऱ्हाइकाचं देणं लागतो! परीक्षकांनी उत्तर पाहिलं, काट मारली आणि पुढच्या मुलाकडे गेले. भाचा घरी आला, लॅपटॉप कपाटात ठेवला आणि आईला म्हणाला की हे मला जमायचं नाही, मी धंदाच बघतो. दाजींना मनातून ते बरंच वाटलं असावं. बहिणीनं मला फोन केला.

मी प्राथमिकची बाई. मला काय कळणार त्यातलं? पण एक गोष्ट खटकली. प्रोग्रॅम तोच, आकडे तेच, मग घरी बरोबर आणि परीक्षेत चूक, हे कसं? हिंजवडीला काम करणाऱ्या एका ओळखीच्या दादांना लोकलमध्ये गाठलं आणि वहीतला प्रोग्रॅम दाखवला. त्यांनी तळेगाव यायच्या आत सांगून टाकलं की पोराचं गणित चुकलेलं नाही, त्याचा प्रोग्रॅम एका यंत्रापुरता खरा होता, दुसऱ्या यंत्रावर नेताना जे सांभाळायचं ते राहिलं. आणि म्हणाले की हे सांभाळायचं कसं, हे ज्यांनी जगाला दाखवलं त्या डेनिस रिचींबद्दल जमलं तर वाचा. वाचलं. ते असं.

डेनिस रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या ब्राँक्सव्हिल इथे झाला. वडील अ‍ॅलिस्टर रिची हे बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. टेलिफोनचे फोन जोडणारी जी मंडलं असतात, त्यांच्या रचनेवर त्यांनी सहलेखक म्हणून पुस्तकही लिहिलं होतं. म्हणजे घरात हे वातावरण होतंच. डेनिस हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकले, १९६३ साली पदवी घेतली आणि पुढे तिथेच गणिताकडे वळून पीएचडीचा प्रबंध लिहिला.

आता हा भाग आपल्या मुलांना सांगण्यासारखा आहे की नाही, तुम्हीच ठरवा. १९६८ साली प्रबंध लिहून झाला, पण त्याची बांधीव प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा करायची असते ती त्यांनी केलीच नाही. त्यामुळे पीएचडीची पदवी त्यांना कधी मिळाली नाही. ज्या माणसाच्या भाषेवर पुढे कित्येकांनी पीएचडी केली, तो स्वतः डॉक्टर नव्हता. तो प्रबंध पन्नासेक वर्षं कोणाला नीट पाहायलाही मिळाला नाही. २०२० साली त्याची प्रत कॅलिफोर्नियातल्या संगणक इतिहास संग्रहालयानं लोकांसमोर आणली.

१९६७ साली ते वडिलांच्याच बेल लॅब्जमध्ये, न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे रुजू झाले. तिथे तेव्हा मल्टिक्स नावाच्या एका अवाढव्य प्रकल्पाचं काम चाललं होतं. एमआयटी ही संस्था, जनरल इलेक्ट्रिक ही कंपनी आणि बेल लॅब्ज अशा तिघांनी मिळून एक मोठी संगणक प्रणाली करायची होती. काम लांबलं, खर्च वाढला, आणि १९६९ साली बेल लॅब्ज बाहेर पडली. रिची आणि त्यांचे सहकारी केन थॉम्पसन यांच्या हातात काही उरलं नाही. थॉम्पसननी मग कोपऱ्यात पडलेलं पीडीपी-७ नावाचं छोटं, जुनं यंत्र घेतलं आणि त्यावर स्वतःची छोटी प्रणाली उभी करायला घेतली. हेच युनिक्स. प्रणाली म्हणजे काय, तर यंत्र आणि आपला प्रोग्रॅम यांच्या मधली व्यवस्था. फाईल कुठे ठेवायची, पडद्यावर काय दाखवायचं, एका वेळी दोघांनी काम सांगितलं तर आधी कोणाचं करायचं, हे ती बघते. आपल्या संगणकातलं विंडोज, फोनमधलं अँड्रॉइड, या प्रणालीच.

त्या काळचे संगणक कसे होते हे लक्षात घेतलं तरच पुढचं कळेल. प्रत्येक कंपनीचं यंत्र वेगळं आणि प्रत्येक यंत्राची आपली आपली सांकेतिक भाषा. त्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम त्याच यंत्रावर चालायचा. यंत्र बदललं की सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहायचं. पहिलं युनिक्स असंच पीडीपी-७ च्या भाषेत होतं. १९७० साली बेल लॅब्जनं पीडीपी-११ हे नवं यंत्र घेतलं. तेही सहज मिळालं नाही, पेटंट विभागाचे कागद टाइप करायची सोय करून देऊ असं सांगून मिळवलं! त्यात मेमरी किती, तर २४ किलोबाइट. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी येणाऱ्या सुप्रभातच्या एका फोटोलाही ती पुरणार नाही. पीडीपी-७ अठरा बिटांचं यंत्र आणि पीडीपी-११ सोळा बिटांचं. म्हणजे लिहिलेलं सगळं पुन्हा लिहिणं आलं, आणि त्यांनी ते लिहिलं.

एकदा असं करावं लागलं की माणूस विचार करतो. थॉम्पसननी त्याआधीच बी नावाची एक छोटी भाषा केली होती. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल भाषेवरून ती घेतलेली. पण बीला एकच माप ठाऊक होतं, यंत्राचा एक पूर्ण कप्पा. अक्षर असो, संख्या असो, पत्ता असो, सगळं त्याच मापात. नव्या यंत्रात लहान-मोठे कप्पे होते, तिथे हे जमेना. १९७१ पासून रिचींनी तिच्यात बदल करायला सुरुवात केली. अक्षराचा कप्पा वेगळा, संख्येचा वेगळा असे प्रकार आणले आणि पुढे अनेक प्रकार एकत्र बांधायची सोय केली. १९७२ मध्ये थॉम्पसननी या अर्धवट भाषेत युनिक्स लिहून पाहिलं आणि जमत नाही म्हणून सोडून दिलं. एकत्र बांधायची ती सोय तेव्हा झालेली नव्हती. ती झाल्यावर १९७३ च्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून युनिक्सचा गाभा पुन्हा लिहिला, आता नव्या भाषेत. बी नंतरची म्हणून तिचं नाव सी.

सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला थेट कळत नाही. तो यंत्राच्या भाषेत उतरवणारा एक दुभाष्या लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. यंत्र नवीन असेल तर त्या यंत्राचा कंपायलर तयार करायचा, प्रोग्रॅम मात्र तोच ठेवायचा. निदान कागदावर तरी हे असं सोपं होतं.

लोणावळ्याला राहणाऱ्यांना हे सांगायला मला फार शब्द लागत नाहीत. मुंबईहून येणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात, बँकर म्हणतात त्यांना. बोरघाट चढून झाला की ती सुटतात. घाट आहे म्हणून कोणी गाडीचे डबे बदलत नाही, प्रवाशांना उतरवत नाही. घाटाचं जे काही खास आहे ते त्या बँकरपुरतं वेगळं ठेवलेलं आहे. रिचींना आणि त्यांच्या सोबत्यांना नेमकं हेच करायचं होतं. यंत्राचं खास असेल तेवढं एका बाजूला काढायचं आणि बाकीच्या प्रोग्रॅमला यंत्राचा वाससुद्धा येऊ द्यायचा नाही.

पण डब्यांमध्येही घाट लपलेला असतो, हे त्यांना गाडी दुसऱ्या रुळावर नेली तेव्हाच कळलं. रिचींच्या आयुष्यातला हा भाग मला सगळ्यांत आवडतो, म्हणून इथे थोडी थांबते.

सी भाषेचे प्रोग्रॅम लवकरच दुसऱ्या यंत्रांवर जाऊ लागले होते. हनीवेल ६००० हे त्यांतलं एक. त्यात एका अक्षराला ८ नाही, ९ बिट लागायचे आणि संख्येचा कप्पा ३६ बिटांचा. पीडीपी-११ वर तोच कप्पा १६ बिटांचा, आयबीएम ३७० वर ३२ बिटांचा. सीमध्ये या कप्प्याला इंट म्हणतात. म्हणजे शब्द एक आणि माप तीन ठिकाणी तीन! आमच्याकडे जुनी माणसं अजून भात पायलीनं मोजतात. बाहेरगावच्या व्यापाऱ्यानं भाव पायलीला सांगितला की आजोबा पहिल्यांदा विचारायचे, पायली कुठली? रिचींनी इंटचं माप मुद्दामच बांधून टाकलं नाही. यंत्राला जे माप सोयीचं ते त्यानं घ्यावं, म्हणजे प्रोग्रॅम वेगानं पळेल. याचा फायदा झाला तसा तोटाही झाला. लिहिणाऱ्यानं पायली कुठली हे विचारलं नाही तर त्याचं त्यालाच भोगावं लागतं.

१९७७ साली मरे हिलला इंटरडेटा ८/३२ हे यंत्र आणलं गेलं. ते पीडीपी-११ पेक्षा बरंच वेगळं होतं आणि त्यासाठीच ते निवडलं होतं. सोप्या शेजाऱ्याकडे जाऊन आलो तर प्रवास केला असं कोण म्हणेल? स्टीव्ह जॉन्सन आणि रिची यांनी अख्खं युनिक्स उचलून त्यावर न्यायचं ठरवलं. जॉन्सननी त्यासाठी नव्या पद्धतीचा कंपायलर लिहिला. त्याचा सी भाषा समजणारा भाग आणि यंत्र समजणारा भाग वेगवेगळे होते, म्हणजे नव्या यंत्रासाठी दुसराच भाग तेवढा बदलायचा. गंमत म्हणजे त्याच सुमारास तिकडे ऑस्ट्रेलियात वोलोंगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर आणि त्यांचे सहकारी इंटरडेटाच्याच ७/३२ यंत्रावर युनिक्स नेत होते. बेलच्या मंडळींच्या आधी त्यांचं चाललंसुद्धा.

या प्रवासात काय काय निघालं बघा. पीडीपी-११ वर दोन बाइटांची संख्या ठेवताना लहान भाग आधी ठेवला जातो, इंटरडेटावर मोठा भाग आधी. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला वीस एक म्हणायचं ठरलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवतंय ना? आपण पंचवीस म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. दोन्ही बरोबर. एकानं ऐकून दुसऱ्या पद्धतीनं लिहिलं तर मात्र पंचविसाचे बावन्न होतात, हे पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या प्रत्येक बाईंनी पाहिलेलं आहे. यंत्रांचंही असंच. युनिक्स हे नाव एका यंत्राच्या क्रमानं ठेवून दुसऱ्याच्या क्रमानं वाचलं की अक्षरांच्या जोड्या उलटतात आणि यूएनआयएक्सचं एनयूएक्सआय होतं. नवीन यंत्रावर पडद्यावर असंच उमटल्याचा किस्सा संगणकवाले अजून सांगतात आणि या अडचणीला नुक्सी म्हणूनच ओळखतात.

अक्षरांचंही तेच झालं. बहुतेक यंत्रांत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक ओळीनं येतात, छोट्या आयचा १०५ आणि जेचा १०६. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांत आयचा १३७ आणि त्याच्या पुढच्या जेचा एकदम १४५. मधे भगदाड! पुढचं अक्षर म्हणजे एक मिळवा, असं गृहीत धरून लिहिलेला प्रोग्रॅम तिथे त्या भगदाडात पडणार. आपल्याकडे क्ष आणि ज्ञ शब्दकोशात शेवटी शोधायचे की क आणि जच्या पोटात, यावर मुलं अडतात ना, तसंच हे.

अशी गृहीतं शोधायची कशी? ती लिहिणाऱ्याला दिसत नाहीत, कारण त्याच्या यंत्रावर ती खरीच असतात. जॉन्सननी लिंट नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेला दोऱ्या-कापसाचा कचरा. हा प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमचं लिखाण वाचतो आणि इथे तुम्ही अमुक गृहीत धरताय, दुसरीकडे हे चालेलच असं नाही, अशा खुणा करत जातो. लाल पेन घेतलेल्या बाईच म्हणा. आणि भाषेतही भर पडली. एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना ते उघड लिहून दाखवायची सोय आली, मापांना आपली नावं द्यायची सोय आली. म्हणजे यंत्र बदललं तर ते नाव एका जागी बदलायचं, हजार जागी नाही. वाचायला-लिहायला लागणाऱ्या नेहमीच्या क्रियांचं एक सामायिक भांडारही झालं. प्रत्येक यंत्रावर ते भांडार आतून वेगळं, पण बाहेरून मागायची पद्धत एकच. १९७८ साली जॉन्सन आणि रिची यांनी हा सगळा अनुभव लेख लिहून प्रसिद्ध केला. युनिक्सचा बहुतेक भाग दोन्ही यंत्रांवर तोच राहिला होता.

त्याच वर्षी ब्रायन कर्निघन आणि रिची यांचं सी भाषेवरचं छोटेखानी पुस्तक आलं. यंत्रांच्या मापांचा मी वर सांगितला तो फरक त्या पुस्तकातच तक्ता करून दिलेला आहे. भाच्याच्या कॉलेजच्या नोट्समध्ये तो तक्ता नव्हता. तिथे इंट म्हणजे दोन बाइट, एवढं एकच वाक्य अधोरेखित केलेलं होतं.

हे सगळं जगभर पसरलं कसं, त्यामागे एक सरकारी कारण आहे. बेल लॅब्जची मालक एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी. अमेरिकी सरकारशी १९५६ साली झालेल्या तडजोडीमुळे तिला टेलिफोनबाहेरच्या धंद्यात उतरता येत नव्हतं. युनिक्स विकता येईना, म्हणून विद्यापीठांना ते किरकोळ शुल्कात दिलं गेलं, आणि तेही मूळ लिखाणासकट. मुलांनी ते वाचलं, दुरुस्त केलं, आपापल्या यंत्रांवर नेलं. बर्कली विद्यापीठानं तर त्याची स्वतःची आवृत्तीच काढली. १९८४ साली एटी अँड टीचे तुकडे झाले, धंद्याची मोकळीक मिळाली आणि लिखाण हळूहळू कुलपात गेलं. ते कुलूप रिचर्ड स्टॉलमन यांना मान्य नव्हतं. त्यांनी १९८३ सालीच युनिक्ससारखी पण सर्वांसाठी खुली प्रणाली करायची घोषणा केली होती, तिचं नाव ग्नू. त्यांचा खुला कंपायलर जीसीसी १९८७ साली आला. १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्स लिहिलं. सुरुवातीला तेही एकाच जातीच्या यंत्रापुरतं, इंटेलच्या ३८६ पुरतं होतं. पुढे ते दुसऱ्या यंत्रांवर न्यायचं ठरलं तेव्हा लिनक्सवाल्यांनाही तीच वाट चालावी लागली. यंत्राचं खास तेवढं वेगळ्या कप्प्यात काढायचं. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स आहे आणि ते सीमध्ये लिहिलेलं आहे.

रिचींकडे परत येते. सी इतकी पसरली की प्रत्येक कंपनीचा कंपायलर आपापली भर घालू लागला. एकाच भाषेच्या बोली तयार झाल्या आणि एकाला दुसऱ्याची कळेना. म्हणून १९८३ साली अमेरिकेत सी भाषेचं प्रमाण रूप ठरवायला समिती बसली. काम सहा वर्षं चाललं. रिची स्वतः त्या समितीत ठाण मांडून बसले नाहीत. पण १९८८ साली समितीनं एक नवा शब्द भाषेत घालायचं ठरवलं तेव्हा त्यांना राहवलं नाही. हा शब्द आला तर लोकांचे चांगले प्रोग्रॅम न कळत बिघडतील असं त्यांचं म्हणणं. त्यांनी तो काढून टाकलाच पाहिजे असं सविस्तर लिहून कळवलं, आणि समितीनं तो काढला. एरवी अतिशय मितभाषी, सौम्य माणूस. १९८९ साली प्रमाण सी जाहीर झाली आणि पुढच्या वर्षी जगानंही ती स्वीकारली.

त्या प्रमाणात इंटचं माप ठरवलंय का? नाही. कमीत कमी १६ बिट एवढंच बंधन आहे. लाँग नावाचा मोठा कप्पा आहे, तो कमीत कमी ३२ बिटांचा असलाच पाहिजे.

आता भाच्याचा आकडा सोडवूया. १६ बिटांच्या इंटमध्ये मोठ्यात मोठी संख्या मावते ३२,७६७. त्यापुढे गेलं की मोटारसायकलचं मीटर फिरून पहिल्यापासून येतं तशी ती फिरते आणि थेट उण्यात जाते. सगळं चक्र ६५,५३६ चं. चाळीस हजारातून ते वजा करा, उरतात उणे २५,५३६. फळ्यावर मांडून बघा, पाचवीच्या मुलालाही वजाबाकी येते. घरच्या लिनक्सवर जीसीसी आहे, तिथे इंट ३२ बिटांचा, म्हणून चाळीस हजार सहज मावले. कॉलेजात टर्बो सी. हा कंपायलर पहिल्यांदा आला १९८७ साली, म्हणजे प्रमाण ठरायच्या दोन वर्षं आधी, आणि तो डॉस या जुन्या प्रणालीसाठी. त्याचा इंट १६ बिटांचा. आपल्याकडे कित्येक ठिकाणी नव्या संगणकात जुन्या डॉसचं सोंग उभं करून अजून तोच शिकवतात. गंमत अशी की या एका बाबतीत टर्बो सीची चूकच नाही! १६ बिट प्रमाणात बसतात. जीसीसीचीही नाही. आणि पोराच्या गणिताचीही नाही. त्याचा घरचा कप्पा मोठा होता, तेवढाच सगळीकडे असेल असं त्यानं धरलं. मरे हिलच्या मोठमोठ्या माणसांनी जे धरलं होतं तेच.

टर्बो सीवर मात्र माझा राग आहे, तो वेगळ्या कारणानं. प्रत्येक प्रोग्रॅमच्या सुरुवातीला पडदा पुसायची एक आज्ञा मुलांकडून घोटून घेतात. ती आज्ञा प्रमाण सीमध्ये नाहीच, ती त्या कंपायलरची घरगुती. दुसऱ्या कुठल्याही संगणकावर पहिल्याच ओळीला प्रोग्रॅम अडतो आणि मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. शिकवणाऱ्यांना दोष देऊन मी मोकळी होणार नाही, त्यांना अभ्यासक्रम असतो, आपल्यालाही असतो. पण ही आज्ञा आपल्या या यंत्रापुरती आहे, एवढं तोंडी सांगायला कितीसा वेळ लागतो?

बाकी मानसन्मान झरझर सांगते. १९८३ साली थॉम्पसन आणि रिची यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला, संगणकशास्त्रातला सर्वोच्च. पुढे अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक आणि २०११ साली जपान पुरस्कार, दोन्ही थॉम्पसन यांच्यासोबतच. मधल्या काळात बेल लॅब्जमध्येच प्लॅन नाइन आणि इन्फर्नो या नव्या प्रणालींवर काम. २००७ साली निवृत्ती. नोकरी आयुष्यभर त्याच प्रयोगशाळेशी बांधलेली. सहकाऱ्यांमध्ये ते डीएमआर या तीन आद्याक्षरांनीच ओळखले जायचे. १२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतल्या राहत्या घरी ते मृतावस्थेत आढळले. एकटेच राहत होते. त्याच्या आठवडाभर आधी अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्ज गेले होते. ती बातमी आपल्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर होती, मलाही आठवते. रिचींची मी तरी तेव्हा कुठे वाचली नाही. जॉब्ज यांच्या फोनच्या आत युनिक्सचाच वंश आहे, हे कळल्यावर मी दोन मिनिटं फोनकडे नुसती बघत बसले.

भाच्याला मी हे सगळं एका रविवारी सांगितलं. इंटरडेटाची गोष्ट ऐकल्यावर त्यानं कपाटातून लॅपटॉप काढला. बदल दोनच ठिकाणी करायचे होते. बेरजेच्या इंटचा लाँग करायचा, आणि छापायच्या आज्ञेलाही आता आकडा लाँग आहे हे सांगायचं. हे दुसरं तो पहिल्या वेळी विसरला, पण या वेळी लॅपटॉप बंद केला नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जेवणाच्या सुट्टीत टर्बो सीवर चालवून पाहिला. ४०,०००. मग मित्राच्या फोनवर. ४०,०००. मग एका शनिवारी माझ्या शाळेत येऊन आमच्या जुन्या संगणकावर. त्याला चालू व्हायलाच दहा मिनिटं लागतात, तोवर चौथीची सगळी मुलं भोवती जमली. तिथेही ४०,०००. परीक्षेचे गुण गेले ते गेलेच, ते काही कोणी बदलून दिले नाहीत.

दाजींनी गेल्या महिन्यापासून दुधाचा दर साडेबासष्ट केलाय. अर्धा रुपया इंटमध्येही मावत नाही आणि लाँगमध्येही नाही. दशांशाचा वेगळा कप्पा घ्यायचा की सगळा हिशोब पैशांत करायचा, यावर सध्या बापलेकांचं गोठ्यात भांडण चालू आहे. दाजी म्हणतात, पैशांत कर. मलाही तेच बरोबर वाटतंय.